तीस टाके, तीस ओळी

"मोज," अक्का म्हणाली आणि लोकरीचा चौकोन माझ्या पुढ्यात टाकून तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

मी टेप लावली. खालची कड पाच इंच भरली, वरची पावणेसहा. डावीकडची उंची एक, उजवीकडची दुसरीच.

"अक्का, हा चौकोन आहे की विड्याचं पान?"

"टाके तीसच आहेत. ओळीपण तीस. हवं तर मोजून बघ."

"तीसच आहेत गं. पण एक टाका हरभऱ्याएवढा नि शेजारचा मोहरीएवढा. यावरून माप काय काढू मी, कपाळ?"

ती हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली, तशी तिनं छातीवर हात ठेवला आणि मान भिंतीला टेकवली. आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली. अक्का हसली की आई डोकावायची, कारण हसण्याच्या मागून काय येतं ते आम्हा तिघींनाही माहीत होतं.

सत्त्याहत्तर साल, ऑक्टोबर महिना. नगरच्या मिशन कंपाउंडात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. वडील वारलेले, आई दवाखान्यात आया. मी एकोणीस वर्षांची. रत्नाक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लहानपणी तिला सांधे धरणारा ताप आला होता आणि जाता जाता तो हृदयाची झडप खराब करून गेला होता. लग्नानंतर तीन वर्षं बरी गेली, मग पायांवर सूज यायला लागली. तिचे यजमान दानियल, म्हणजे आमचे दाजी, मिलिटरीत ड्रायव्हर. तेव्हा त्यांची नेमणूक लडाखकडे होती. नाताळला सुट्टीवर यायचे होते. तोवर अक्का माहेरी राहील असं ठरलं होतं.

आणि नाताळपर्यंत त्यांच्यासाठी एक स्वेटर आपल्या हातानं पुरा करायचा, हे तिनं मनात घेतलं होतं. लोकरही तिनंच निवडली, बाटली रंगाची, गर्द हिरवी. तिला दुसरं काही नको होतं. डॉक्टर काय म्हणाले हे तिनं कधी विचारलं नाही, लोकर पुरेल ना एवढंच विचारायची.

माझ्या हाताविषयी सांगितलं पाहिजे. कंपाउंडातल्या शिवणाच्या बाईंनी आम्हा सगळ्या मुलींना विणायला शिकवलं, पण वीण एकसारखी आली ती एकट्या माझी. धागा करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून घ्यायचा, आणि तो ना ओढायचा ना सोडायचा. बोटांना आपोआप कळलं पाहिजे. मला कळत होतं. माझे तीस टाके सोमवारी मोजा नाहीतर शनिवारी, ते पाच इंचच भरायचे. बाई माझं विणकाम उलटंसुलटं करून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हे बघा, मशीन." मला त्याचा भारी तोरा होता. खोटं कशाला बोलू.

त्यामुळे दर स्वेटरआधी नमुन्याचा चौकोन विणलाच पाहिजे, हा माझा नियम होता. तो मोजायचा, त्यावरून टाके ठरवायचे. जिचा हात सैल तिला बारीक सुया द्यायच्या, जिचा घट्ट तिला जाड. माझ्याकडे विणायला बसणाऱ्या प्रत्येकीचा नमुना मी नावाची चिठ्ठी टाचून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. अक्काचाही ठेवला. चिठ्ठीवर लिहिलं, 'रत्नाक्का, बाटली, दहा नंबर.' आणि खाली चेष्टेनं, 'नापास.'

"नापास तर नापास," अक्का म्हणाली. "आता टाके घालून दे."

मी पाठीचे टाके घालून दिले आणि ती विणायला बसली.

ती कशी विणायची, ते आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. खिडकीशी खाट, पाठीमागे तीन उशा, कारण आडवं झालं की तिला श्वास घेता येत नसे. सुया छातीशी अगदी जवळ धरायची. दाजींचं पत्र आलं की वीण सैल सुटायची. पत्र लांबलं की टाके असे आवळले जायचे की सुई आत शिरेना. मी रोज संध्याकाळी तिचं काम हातात घेऊन तिला ओरडायची.

"अक्का, ओळ अर्ध्यात टाकून उठलीस ना आज?"

"तुला कसं कळलं?"

"हा बघ, इथला टाका ओढला गेलाय. लांबट झालाय. कितीदा सांगितलं, उठायचं तर ओळ पुरी करून उठ. सुया मध्येच ठेवल्या की टाका ताणतो, मग काही केल्या जागेवर येत नाही."

"बरं, बाईसाहेब."

"उसवू का दोन ओळी?"

"नको गं शलू. राहू दे. झालं तेवढं झालं."

मला ते खुपायचं. आपल्या बहिणीच्या हातचं काम असं ओबडधोबड, आणि ते नाताळच्या उपासनेला सगळ्या मंडळींसमोर दाजींच्या अंगावर दिसणार. शेजारच्या बायका काही बोलणार नाहीत, पण बघतील. मला हे अक्काची बाजू घेतल्यासारखं वाटायचं. आता वाटतं, त्यात माझाच तोरा जास्त होता.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठ पुरी झाली. अक्कानं स्वतः टाके बंद केले. विणलेली पाठ खाटेवर पसरून तिच्यावरून हात फिरवत राहिली. मग पुढचा भाग सुरू केला, पण तो दोन ओळींपुढे गेलाच नाही. बोटं सुजली होती, सुई धरवत नव्हती.

एका सकाळी तिनं सगळं काम गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं.

"आता पुढचं तू कर."

"मी कशाला? तू बरी झालीस की..."

"शलू." एवढंच म्हणून ती थोडा वेळ श्वास घेत राहिली. "पाठ झाली, ते त्यांना कळवलंय मी. पुढचं आणि बाह्या तू कर. फक्त माझं कुठं संपलं नि तुझं कुठं लागलं, ते दिसू देऊ नको. ठिगळासारखं वाटतं ते."

"नाही दिसणार," मी म्हणाले. "मी कशाला आहे मग?"

एकोणीस नोव्हेंबरला सकाळी, आई तिला पेज भरवत असताना अक्का गेली. घास तोंडातच राहिला. आईनं तो आपल्या पदरानं पुसून काढला आणि मग आम्हाला हाक मारली.

दाजींना तार केली. तिकडे बर्फामुळे रस्ते बंद होते. तार मिळाली तेव्हा अक्काला माती देऊन चार दिवस झाले होते. त्यांचं उत्तर आलं, बावीस डिसेंबरला पोचतो. म्हणजे त्यांना तिचं तोंडही बघायला मिळालं नाही. त्यांच्या हातात देण्यासारखी आमच्याकडे एकच गोष्ट होती.

मी विणायला बसले. रडू आलं की सुया ठेवायच्या आणि मग पुन्हा सुरू करायचं, पण ओळ पुरी करूनच. दोन्ही बाह्या झाल्या, पुढचा भाग झाला. सगळे तुकडे मी टेबलावर मांडले.

पाठ वेगळ्याच माणसाची दिसत होती. माझे तुकडे गुळगुळीत सपाट, आणि पाठीवर उंचवटे, खळगे, कुठं जाळी पडल्यासारखं, कुठं आवळून दोरीसारखं. मी जाड सुया घेऊन एक बाही पुन्हा विणून पाहिली. ती सैल झाली, पण एकसारखी सैल झाली. अक्काचा सैलपणा तसा नव्हता. मी मुद्दाम वाकडं विणायला गेले तर बोटं ऐकेनात. जे शिकायला मला कष्ट पडले नव्हते, ते विसरायला मात्र जमत नव्हतं.

जोड दिसू द्यायची नाही, असं मी तिला कबूल केलं होतं. मग एकच उपाय उरला.

दुपारची वेळ होती. आई ड्यूटीवर गेली होती. मी पाठीचा वरचा टाका सोडला आणि धागा ओढला.

उसवणं वरून खाली होतं, म्हणजे शेवटी विणलेलं आधी हातात येतं. पहिल्या चार-पाच ओळी सरसर सुटल्या आणि मग मला काहीतरी दिसलं. ओळीत लांबट टाका होता. अर्ध्यात सुया ठेवल्याचा. त्याच ओळीत पुढं आणखी एक, मग आणखी एक. खालच्या ओळीतही तसेच. वरच्या सहा इंचांत एकही ओळ अशी नव्हती, जिच्यात ती तीन-चारदा थांबली नव्हती. ती उठून कुठंच जात नव्हती. दम घ्यायला थांबत होती. दहा टाके, मग दम. पुन्हा सात टाके, मग दम. आणि संध्याकाळी मी तिला ओरडत होते, ओळ पुरी करून उठ म्हणून.

तिथं मी थांबायला हवं होतं. धागा बोटाला गुंडाळून मी किती वेळ बसले कोण जाणे. तुकडा उलटा करून तसाच ठेवला असता, जोडला असता, दिसली असती जोड तर दिसली असती. पण मला ते बघवेना. ते टाके बघितले की तिची धाप ऐकू यायची. ती धाप दाजींनी पाठीवर वागवावी आणि मंडळींनी मागच्या बाकावरून बघावी, हे मला सहन होईना. मी धागा ओढला. पत्र आलेली ओळ सुटली, पत्र न आलेल्या ओळी सुटल्या, मी घालून दिलेले पहिले टाके सुटले. महिन्याभराचं काम तासाभरात संपलं.

उसवलेली लोकर कुरळी होते, ती तशीच विणली तर वीण ओबडधोबड येते. म्हणून मी तिच्या लडी केल्या, कोमट पाण्यातून काढल्या आणि व्हरांड्यातल्या दोरीवर टांगल्या. सरळ व्हाव्यात म्हणून प्रत्येक लडीला खाली एकेक तांब्या अडकवला.

आई आली. दारातच थबकली.

"हे काय?"

"लोकर धुतली. डाग होता."

आईनं लडींकडे बघितलं, मग टेबलाकडे. टेबलावर दोन बाह्या होत्या, पुढचा भाग होता. पाठ नव्हती. मग ती आत जाऊन कितीतरी वेळ भांडी घासत बसली, आधीच घासलेली.

त्या लोकरीची पाठ मी नव्यानं विणून जोडली. बावीस तारखेला दाजी आले. ट्रंक व्हरांड्यातच ठेवून पहिल्यांदा कबरस्तानात जाऊन आले. चेहरा उन्हानं आणि बर्फानं भाजलेला, ओठ फुटलेले. आईनं चहा दिला, तो त्यांच्या हातात निवून गेला. मी स्वेटर आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी तो उलगडला नाही, आधी खिशातून एक पत्र काढलं. अक्काचं शेवटचं. त्यातली एक ओळ त्यांनी आम्हाला वाचून दाखवली. आवाज अगदी साधा होता, हवापाण्याबद्दल बोलावं तसा.

"'पाठ पुरी झाली. जरा वाकडीतिकडी झाली आहे, शलू हसते. पण ऊब कमी पडणार नाही.'"

मग त्यांनी स्वेटर उलटा केला आणि पाठीवरून तळहात फिरवला. एकदा, दोनदा. खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितला.

"वाकडी कुठाय?" ते म्हणाले. "शलू, ही पाठ तिचीच ना?"

आई चहाची कपबशी उचलायला वाकली होती. ती तशीच वाकून राहिली.

मला आजही तो क्षण जसाच्या तसा आठवतो. खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी उसवली, दाजी. पण मग त्यांच्या हातात काय राहिलं असतं? माझ्या हातचा एक चांगला स्वेटर.

"तिचीच," मी म्हणाले. "पाठ अख्खी तिची. पुढचं आणि बाह्या तेवढ्या माझ्या."

"मग वाकडी म्हणून का लिहिलं?"

"तिला सवयच होती, आपल्या कामाला नावं ठेवायची. तुमच्यासाठी होता, म्हणून फार जपून विणला तिनं."

दाजी हसले. तो एक कसलासा आवाज होता, पण हसणंच होतं ते. "खोटं लिहिलं माझ्याशी," ते म्हणाले. "बघा ना आई. कुठं वाकडी आहे? एक टाका इकडचा तिकडे नाही." आणि मग त्यांनी स्वेटर तोंडावर धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. तारेनंतर ते पहिल्यांदाच रडत होते, असं त्यांनी नंतर आईला सांगितलं.

ते झोपल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. "बोललीस ना? आता कधी फिरवू नको," ती म्हणाली. "त्या माणसाजवळ तेवढंच राहिलंय." पुढे आई वीस वर्षं जगली, पण या गोष्टीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

दाजींनी चार वर्षांनी दुसरं लग्न केलं. आम्हीच आग्रह केला होता. सुशीलावहिनी मनाच्या मोठ्या. तो स्वेटर त्या कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवायच्या आणि दर नाताळला काढून द्यायच्या. पंचवीस डिसेंबरला आमच्याकडे येताना दाजींच्या अंगावर तोच असायचा. बाटली रंग हळूहळू विटून शेवाळासारखा झाला, पण वीण हलली नाही. दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचं आणि दरवर्षी दाजी सांगायचे, "पाठ रत्नाची आहे." मी खाली मान घालून करंज्या वाढायची. लोक म्हणायचे, बहिणीच्या आठवणीनं हिला अजून भरून येतं.

अक्का गेल्यावर बावीस वर्षांनी, डिसेंबरच्या सुरुवातीलाच, दाजी एकटेच आले. रिटायर होऊन राहुरीला राहात होते. केस पांढरे झाले होते. पिशवीतून त्यांनी स्वेटर काढला. उंदरानं पाठ कुरतडली होती. मधोमध तळहाताएवढं भोक.

"सुशीला रडली दोन दिवस," ते म्हणाले. "जशी काही तिचीच चूक. शलू, बुजवता येईल का? तसली लोकर मिळत असेल का आता?"

"बघते."

"पुढचा भाग, बाह्या, काय हवं ते कर. तुझंच काम आहे ते. पाठीला मात्र जपून हात लाव. तिचं आहे तेवढं उसवू नको."

"नाही उसवत," मी म्हणाले.

ते गेल्यावर मी माळ्यावरून बिस्किटाचा डबा काढला. चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या, टाचण्या गंजल्या होत्या. अक्काचा चौकोन अगदी तळाशी होता. त्याला ऊन लागलं नव्हतं, त्यामुळे रंग पहिल्या दिवसाचा. खालची कड पाच इंच, वरची पावणेसहा. एक टाका हरभऱ्याएवढा, शेजारचा मोहरीएवढा. सतराव्या ओळीत एक लांबट टाका होता. म्हणजे ऑक्टोबरातसुद्धा ती मध्येच थांबत होती आणि मी विड्याचं पान म्हणून हसले होते.

तीच लोकर होती. चौकोन उसवून भोकाभोवतीचे टाके सुईवर उचलून घेतले असते, तर माझ्या हातानं ते असं बुजलं असतं की रंगाचा फरक सोडला तर कुणाला कळलं नसतं. भोकाला पुरेल एवढी लोकर त्यात होती. मी शेवटच्या टाक्याचं टोक दोन बोटांत धरलंही.

मग सोडून दिलं. चिठ्ठी काढली, तो चौकोन होता तसा भोकावर ठेवला आणि चारी बाजूंनी टाचून टाकला. सपाट बसेना, एका कोपऱ्यात फुगला. मी फुगू दिला. दोन दिवस ते काम माझ्या मांडीवर होतं. त्या दोन दिवसांत मी अक्काशी जेवढं बोलले, तेवढं तिच्या शेवटच्या महिन्यातही बोलले नव्हते. आणि मनाशी ठरवलं, दाजी आले की सगळं सांगायचं. पाठ माझी आहे, हा चौकोन तिचा. आई नाही, आता कुणाची भीती नाही.

दाजी पुढच्या आठवड्यात आले. चष्मा लावून त्यांनी स्वेटर पाठीकडून उलगडला आणि ठिगळावरून बोट फिरवलं. विटक्या रंगात तो गडद चौकोन लांबूनही डोळ्यांत भरत होता. बोट एका उंचवट्यावर अडलं, मग दुसऱ्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. वाटत होतं, आत्ता कळेल. मला काही सांगावं लागणार नाही, बोटांनाच कळेल.

"लोकर बरी मिळाली," ते म्हणाले. "पण शलू, ठिगळ एकसारखं नाही झालं. वेगळं लागतं हाताला."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांचा हात ठिगळावरून सरकून बाजूच्या विणीवर गेला, माझ्या विणीवर, आणि तिथंच थांबला. बावीस वर्षं थांबत होता तसा, अगदी सवयीनं.

"हे रत्नाचं बघ," ते म्हणाले. "अजून कसं आहे."

मी बघितलं.

"तुझा हात पूर्वी असा नव्हता," ते हळूच म्हणाले. मला वाईट वाटू नये म्हणून जपून बोलत होते.

"आता वय झालं, दाजी," मी म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.